लग्नाच्या बँडमधला ड्रमवाला आणि ‘ह्यूमन’

लग्नात साइड ड्रम वाजवणारा माणूस डेथ मेटल (भरधाव ड्रम, जड गिटारी आणि खरवडलेल्या गळ्याचं रॉक संगीत) कसा काय ऐकतो, असं मला बरेच जण विचारतात. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून बसून लिहितोय. मी सरसकट डेथ मेटलचा चाहता वगैरे नाही. एकच अल्बम आहे ज्याने मला धरून ठेवलं. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डेथ या बँडचा ‘ह्यूमन’, साल 1991. आठ गाणी, सगळी मिळून साधारण 34 मिनिटं. टेक्निकल डेथ मेटल म्हणतात त्या अवघड वादनाच्या प्रकाराचा पाया ज्या मोजक्या अल्बमांनी घातला, त्यात याचं नाव पहिल्या ओळीत येतं.

माझं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पोटापाण्याचं ते, आणि लगीनसराई लागली की बँड. शाळेत होतो तेव्हापासून बँडमध्ये आहे. आधी झांजा, मग साइड ड्रम. ‘ह्यूमन’ माझ्यापर्यंत आला पुतण्याकडून. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आला तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये गाणी टाकून गेला आणि जाताना एवढंच म्हणाला, “काका, गाणारा काय म्हणतो त्याचं सोडा. फक्त ड्रम ऐका.”

हे त्याने सांगितलं नसतं तर मी पहिल्याच गाण्याला थांबलो असतो. नव्या माणसाला हे संगीत ऐकू येतं ते एकजात. गिटारी, पायांनी वाजवायचा बेस ड्रम, घशातून खरवडून काढलेला आवाज, सगळं एका ढिगात. पण पहिलं गाणं सुरू होतं तेच मुळी ड्रमने. आधी काहीच नसतं, मग आवाज लांबून येतो, वाढत वाढत अंगावर येतो आणि त्यात हात वेगळे, पाय वेगळे ऐकू येतात. गिटार नंतर येते. त्या सुरुवातीच्या काही सेकंदांत मला एक गोष्ट कळली. वाजवणारा घाईत नाही. एवढ्या वेगात असूनही प्रत्येक ठोका पूर्ण पडतोय, कुठेही चेपलेला नाही. ही गोष्ट किती अवघड आहे ते ज्याने वरातीत तास-दीड तास चालत ड्रम वाजवलाय त्याला विचारा. वेग वाढला की हात आखडतात, ठोके एकमेकांवर चढतात, आणि नाचणाऱ्यांना कळत नसलं तरी आपल्याला आतून कळतं की लय घसरली. इथे ती घसरतच नव्हती.

म्हणून मग ठरवलं, हे नीट उलगडून बघायचं.

पद्धत मला धंद्यातली माहीत होती. जळालेली मोटर आली की जुनी कॉइल ओढून फेकायची नसते. आधी कनेक्शन वहीत उतरवायचं, मग एका स्लॉटमधले तारेचे वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, आणि मगच नवीन भरायची. गाण्यालाही तसंच केलं. आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करणारी ॲप मोबाइलवर मिळतात. त्यावर गाणं निम्म्या वेगावर आणायचं, चार-सहा सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि तो पुन्हा पुन्हा फिरवायचा. हेडफोन मात्र चांगला लागतो. मोबाइलच्या स्पीकरवर पायांचा आवाज येतच नाही आणि या अल्बममध्ये अर्धा जीव पायांत आहे.

मला पाश्चात्त्य नोटेशन येत नाही. मी बोल लिहिले. पायांना ‘दु’, स्नेअरला ‘टाक’ (स्नेअर म्हणजे आमचाच साइड ड्रम, स्टँडवर बसवलेला), राइड सिंबलला (ड्रमसेटमधल्या मोठ्या झांजेला) ‘चिं’, आणि राइडच्या मधल्या उंचवट्यावर मारलं की जो टणक आवाज येतो त्याला ‘टिं’. ‘दुदुदुदु टाक दुदु टिं’ अशा ओळींनी वही भरली. वरच्या ओळीत हात, खालच्या ओळीत पाय, आणि त्याच्याखाली मात्रा. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसून हे चालायचं. आई विचारायची, “हाई काय वाजी ऱ्हायनं रे?” हेडफोनमधून बाहेर नुसती किरकिर ऐकू येत असणार. मी हेडफोनचा एक कान तिच्या कानाला लावला. तिने थोडा वेळ ऐकलं, हेडफोन परत दिला आणि म्हणाली, वाजवणारा कष्टाळू आहे.

बोल लिहिता लिहिता मला या अल्बमची खरी खुबी सापडली, आणि हा सगळा लेख तिच्यासाठीच आहे.

मेटलमध्ये गिटारवर जो छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो त्याला रिफ म्हणतात. साध्या गाण्यात रिफ बदलली की ड्रमचा ठेका बदलतो, दोघं एकत्र पुढे सरकतात. ‘ह्यूमन’मध्ये बऱ्याच ठिकाणी रिफ जागची हलत नाही. तीच सुरावट, तेच वजन, पण खाली ठेका बदलतो. पहिल्या फेरीत ड्रम ठायीत चालतो, स्नेअर लांब लांब पडतो, आणि रिफ जड, भारदस्त वाटते. पुढच्या फेरीत तोच ड्रम दुगुनीत जातो आणि मघाची तीच रिफ धावायला लागते. गिटारवाल्याने एक सूरही बदललेला नसतो. पहिल्यांदा ऐकताना आपल्याला वाटतं की दोन वेगळे तुकडे ऐकले. वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावर दिसतं की वरची ओळ एकच आहे, फक्त खालची वेगळी.

हे कळल्यावर मी बराच वेळ नुसता वहीकडे बघत बसलो होतो. कारण आम्ही बँडवाले आयुष्यभर ऐकत आलो की ड्रमवाल्याने गाण्याला साथ द्यायची. गाणं मास्तरच्या क्लॅरिनेटवर, आपण खाली. इथे खाली असणारा माणूस वरच्या सुराचा अर्थ ठरवत होता.

मात्रांचंही तसंच. सरळ चारच्या फेऱ्या चालू असतात, कानाला सवय होते, आणि एखाद्या फेरीच्या शेवटी मात्रा कापलेली असते. आपण समेची वाट बघत असतो तोवर सम पडून पुढे गेलेली. किंवा उलट, थोडं जास्त थांबवतात. ज्यांनी रूपक किंवा झपतालाच्या चीजा ऐकल्यात त्यांना विषम विभागणीचं नवल नाही. पण तालाचं आवर्तन ठरलेलं असतं, एकदा पकडलं की पकडलं. इथे फेरीचा आकारच वाटेत बदलतो, आणि चौघंही एकाच क्षणी बदलतात. कोणी कोणाला खूण करत नाही. मला हे लिहून काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. वेगाने मारलेला तुकडा हळू करून सुटतो. मात्रा मोजायच्या तुकड्याला हळू करून काही होत नाही, तो पाठच करावा लागतो.

हे वाजवणारा कोण, याची उत्सुकता तोवर फार वाढली होती. ड्रमवर शॉन रायनर्ट. 1971चा जन्म, म्हणजे हा अल्बम झाला तेव्हा जेमतेम विशीचा. तो आणि गिटारवर असलेला पॉल मास्विडल, दोघं मूळचे सिनिक नावाच्या बँडचे. जॅझ, फ्यूजन ऐकून कान तयार झालेली पोरं. बेस गिटारवर स्टीव्ह दि जॉर्जिओ. आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा चक शुल्डिनर. 1983 साली वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने बँड सुरू केला, गाणी त्याची, गिटार त्याची, आवाज त्याचा. अल्बम रेकॉर्ड झाला फ्लोरिडातल्या टँपा शहरात, मॉरिसाउंड स्टुडिओत, निर्माता स्कॉट बर्न्ससोबत. त्या काळात डेथ मेटलवाल्यांची रीघ याच स्टुडिओत असायची.

शुल्डिनरबद्दल मला मोठा आदर वाटतो तो एका कारणाने. 1987चा पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ नावाप्रमाणेच रक्तमांसाचा होता आणि तो चाललाही होता. त्याच गल्ल्यावर बसून राहता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. ‘ह्यूमन’साठी त्याने आपल्यापेक्षा वेगळं ऐकणारी, तालमीत वाढलेली पोरं घेतली आणि त्यांना मोकळं सोडलं. चालत्या बँडचा मालक असं करत नाही. आमच्याकडे तर मुळीच नाही. चांगला वाजवणारा पोरगा आला की जुने आधी त्याला झांजा धरायला लावतात.

आवाजाचं आणि शब्दांचंही बोलायला हवं, कारण बहुतेक लोक तिथेच अडतात. मीही खूप दिवस आवाज बाजूला ठेवून ऐकत होतो. नंतर पुतण्याने फोनवर गाण्यांचा अर्थ सांगितला. एक गाणं यंत्रांच्या आधाराने जिवंत ठेवलेल्या माणसाबद्दल आहे, त्याला मरायचा हक्क आहे की नाही याबद्दल. एक आहे एकमेकांना जोडून जन्मलेल्या जुळ्यांबद्दल. म्हणजे अल्बमचं नाव उगाच ‘ह्यूमन’ नाही. अर्थ कळल्यावर तो खरवडलेला आवाज मला वेगळा ऐकू यायला लागला. असं दुखणं गोड गळ्याने सांगितलं तर ते खोटं वाटेल. शिवाय नीट ऐकलं तर तो आवाजही तालात पडतो, शब्दाचा शेवट स्नेअरवर आणून ठेवतो. शुल्डिनर 13 डिसेंबर 2001 रोजी मेंदूच्या गाठीने गेला. वय 34. रायनर्टही 2020च्या जानेवारीत गेला.

आता बेसची गोष्ट. ही ज्यांनी अल्बम आधी ऐकलाय त्यांनीही वाचावी. 1991च्या मूळ मिक्समध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून केलेल्या जुळणीत, दि जॉर्जिओचा बेस गिटारींच्या खाली दबलेला आहे. तो आहे हे कळतं, पण काय वाजवतोय ते कळत नाही. मी वहीत त्याची ओळ रिकामीच ठेवली होती. मग 2011 साली रिलॅप्स कंपनीने अल्बम पुन्हा काढला तेव्हा मॉरिसाउंडच्याच जिम मॉरिसने तो नव्याने मिक्स केला हे कळलं, आणि मी तो मिळवला. पहिल्याच गाण्यात जमिनीखालून माणूस वर यावा तसा बेस वर आला. तो बोटांनी वाजवतो, पिकने (तार छेडायच्या चकतीने) नाही, म्हणून प्रत्येक सुराला गोलाई आहे. आणि नुसती गिटारची री ओढत नाही. रिफच्या मधल्या फटीत शिरतो, पायांच्या ठोक्यांना चिकटतो, मध्येच सुटून वर जातो. वीस वर्षं हे सगळं त्या टेपमध्येच होतं. वहीतली ती रिकामी ओळ भरताना मला जेवढा आनंद झाला तेवढा मूळ ड्रम लिहितानाही झाला नव्हता. जुन्या मिक्सचेही चाहते आहेत, त्याचा कोरडा, घट्ट आवाज त्यांना आवडतो. मला विचाराल तर शिकण्यासाठी नवीनच घ्या.

ऐकणं इथपर्यंत झालं. मग वाजवून बघायची ओढ लागली.

त्यासाठी डबल पेडल लागतं. एका बेस ड्रमवर दोन पाय चालवायचं साधन. धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे जुनं पडून होतं, ते आणलं. ड्रम ठेवायला जागा नाही, म्हणून दुकानात मागच्या बाजूला लाकडी खोक्याला गोणपाटाची घडी बांधली आणि त्यावर पेडल लावलं. मोटरला वार्निश मारून सुकायला ठेवली की तेवढा वेळ माझा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45ला असतो, पत्र्याखाली बसवत नाही; पण मोटरी जळायचा हंगामही तोच, त्यामुळे दुकान सोडता येत नाही. मग तिथेच पाय चालवायचे.

बँडवाल्याचे हात तयार असतात, पाय नसतात. पाय आम्हाला फक्त चालायला लागतात. उजवा पाय थोडाफार ऐकतो, डावा मागे राहतो आणि जोर कमी लावतो. मी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 80वर लावला, एका ठोक्यात चार, आणि सुरुवात डाव्या पायाने. हे महत्त्वाचं आहे. उजव्याने सुरू केलं की डावा फुकटात मागे मागे येतो, त्याची चोरी लपते. डाव्याने पुढाकार घेतला की तो जबाबदारी घेतो. टाच उचलून, मांडीने न मारता घोट्यातून मारायचं. चारही ठोके एका वजनाचे झाले की मगच मेट्रोनोम चारने वाढवायचा. पोटऱ्या दुखतात, आठवडाभर काही पुढे सरकत नाही, आणि मग एखाद्या दुपारी आपोआप 100 होऊन जातं.

या सगळ्यात एक कळलं. या अल्बममध्ये नुसत्या वेगाचा मारा मानतात त्यापेक्षा कमी आहे. याहून वेगवान अल्बम नंतर ढिगाने झाले, पुतण्याने मला ऐकवले. काही फार चांगले आहेत. पण पुष्कळांत वेग हाच मजकूर होऊन बसतो. रायनर्ट पाय सोडून देऊ शकतो तिथेही थांबतो, राइडच्या उंचवट्यावर एक ‘टिं’ ठेवतो आणि रिफला श्वास देतो. ते थांबणं लिहायला सोपं, वाजवायला सगळ्यात कठीण. हात भरून जायला बघतात.

श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीची सुपारी होती, त्या तालमीला मी आमच्या मास्तरांना हा अल्बम ऐकवला. मास्तर साठीच्या पुढचे, क्लॅरिनेटवर जुन्या चालींपासून अहिराणी गाण्यांपर्यंत सगळं वाजवतात आणि बेसूर वाजलं की तोंडावर सांगतात. त्यांना मी सातवं गाणं लावून दिलं, ‘कॉस्मिक सी’. त्यात गाणारा नाही, नुसतं वाद्यांचं आहे. मधे सगळं विरळ होतं, आवाज अंतराळात गेल्यासारखा पसरतो, बेस पुढे येतो, आणि मग गिटारी परत येतात. मास्तरांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मांडीवर बोटं चालत होती. संपल्यावर म्हणाले, “गानारा नही, तरी गानं शे.” मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, “बठ्ठा येकमेकले आयकी ऱ्हायनात, भो.” म्हणजे सगळे एकमेकांना ऐकतायत.

मला इतके महिने वहीत मात्रा लिहून जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. कापलेली मात्रा चौघांना एकाच वेळी कशी सापडते, रिफ तीच असताना ठेका बदलायची हिंमत कशी होते, बेस फटीत कसा शिरतो, सगळ्याचं कारण तेच आहे. त्या दिवशीच्या तालमीत मास्तरांनी एका चालीवर मला म्हटलं, कर बघू तुझं ते, चाल मी बदलत नाही. त्यांनी तीच चाल धरून ठेवली आणि मी खाली ठाय घेतली, मग दुगुन, मग परत ठाय. ढोलवाला आधी गोंधळला, मग आला. मिरवणुकीत तेच केलं. बायका फुगड्या घालत होत्या; दुगुन आली तशा त्या फिरायला लागल्या आणि ठाय आली तशा सैलावल्या. चाल एकच होती.

ज्यांना हा अल्बम ऐकून बघायचाय त्यांना माझं सांगणं असं. क्रमाने सुरू करू नका. आधी ‘कॉस्मिक सी’ ऐका, त्यात आवाजाची अडचण नाही. मग पाचवं, ‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’. त्याची सुरुवात शांत, स्वच्छ गिटारने आहे आणि मग दार उघडतं. त्यानंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत, हेडफोनवर, 2011चं मिक्स. एका वेळी एकच वाद्य धरा: आज राइड, उद्या बेस, परवा पाय. आवडला तर पुढचा 1993चा ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ आहे, तिथे बेसवर दि जॉर्जिओच, पण ड्रमवर जीन हॉग्लन. आणि रायनर्ट-मास्विडल हवे असतील तर त्याच वर्षीचा सिनिकचा ‘फोकस’. मी तिकडे अजून वळलो नाही. माझं पहिलं गाणं पाऊण वेगावर शेवटपर्यंत जातं, दुसऱ्यात मधल्या कापलेल्या मात्रेवर डावा पाय अजून उशिरा पोहोचतो. दुकानात एक साडेसात एचपीची सबमर्सिबल खोलून ठेवलीय, ती भरून झाली की पुन्हा त्याच तुकड्यावर बसायचंय.